पट चौपन्न, हजर चौपन्न

आमच्या घरी पोळ्या मोजून होत. वडील चार, मी पाच, ताई तीन आणि आई अडीच. एकूण साडेचौदा, म्हणून आई पंधरा लाटायची. उरलेली अर्धी ती दुपारी चहाबरोबर खायची, आणि ती अर्धी कुणी मोजायची नाही असा नियम होता. सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांत सगळ्याच गोष्टींना आकडे होते. नळाला पाणी पावणेसहा ते सव्वासात. त्यात पिंप, दोन घागरी आणि पाच कळशा भरायच्या. खालच्या मजल्यावरचे काका पहाटे सलग अकरा वेळा खोकायचे आणि मग त्यांच्या चुलीत लाकूड पडल्याचा आवाज यायचा. स्टोला पंप मारताना आई ओठांत आकडे म्हणायची, आणि विसाव्याला निळी ज्योत भसकन लागली की मी अंथरुणातून उठायचो. या सगळ्यांतून मला मोजायची सवय लागली. जिना चढताना पायऱ्या, पावट्याच्या उसळीत दाणे, रस्त्यात दुधाच्या बाटल्या वाहणाऱ्या सायकली. काही उपयोग नसताना मी मोजायचो. आजही मोजतो. गेली सत्तावीस वर्षं मी खडकवासल्याला धरणाच्या पाण्याची पातळी वहीत लिहितो, आणि सरकार मला त्याचा पगार देतं, ही माझ्या मते फार सोयीची गोष्ट झाली आहे.

शाळेत या सवयीचं कुणीतरी चीज करणं भागच होतं. नववी ब मध्ये आमचे वर्गशिक्षक लिमये सर यांनी मला हजेरीमंत्री केलं. वर्गाचं मंत्रिमंडळ असे, त्यात स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री वगैरे असत, आणि हजेरीमंत्र्याचं काम एकच. पहिला तास संपला की वर्गातली डोकी मोजायची आणि दाराबाहेरच्या भिंतीवर काळ्या रंगाने रंगवलेल्या चौकोनात खडूने लिहायचं: पट इतका, हजर इतके. पट म्हणजे वर्गाच्या यादीवर असलेली एकूण मुलं. ती चौपन्न होती. हजरचा आकडा रोज बदलायचा. घंटेनंतर जो येईल तो गैरहजर, मग तो दारात उभा असला तरी. मुख्याध्यापक फेरी मारताना वर्गात डोकावायचे नाहीत, फक्त हा चौकोन वाचायचे. मुलं मला ‘मोज्या’ म्हणायची. मला त्याचा राग येत नसे. निदान त्या नावामागे काहीतरी कारण होतं. वर्गात एकाला ‘भोपळा’ म्हणत आणि तो काडीसारखा होता.

आता झेंड्याबद्दल सांगतो. आमच्या शाळेत महिनाभर पूर्ण हजेरी असलेल्या वर्गाला पिवळ्या सॅटिनचा त्रिकोणी झेंडा मिळायचा. तो महिनाभर वर्गाच्या दारावर लागायचा आणि त्या वर्गाला चारही शनिवारी शेवटचे दोन तास मैदान मोकळं मिळायचं. क्रिकेटसाठी आठ तास. चौपन्न मुलांचा वर्ग महिनाभर एकही खाडा न होता भरणं अशक्यच होतं, म्हणून तो झेंडा बरीच वर्षं कार्यालयातल्या कपाटात घडी करून पडलेला होता. तो बाहेर काढायची युक्ती माझी. मी शाळेच्या सुट्ट्यांचा तक्ता घेऊन बसलो आणि हिशोब मांडला की श्रावणातल्या सणांच्या सुट्ट्या वजा केल्या तर त्या महिन्यात शाळा फक्त एकोणीस दिवस भरते. एकोणीस दिवस चौपन्न जणांनी यायचं, बस्स. मी हे मधल्या सुट्टीत फोडणीची पोळी खाता खाता सांगितलं आणि वर्ग पेटला.

त्या महिन्यात आमच्या वर्गाने जे केलं ते आज आठवलं तरी हसू येतं. एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्याला दोघांनी खुर्चीत बसवून रोज आणलं. एकाच्या आजोबांचं तेरावं होतं, तो पहिला तास बसून घरी गेला आणि लाडू घेऊन परत आला. एकाला गालफुगी झाली. तो मफलर गुंडाळून आला आणि लिमये सरांना म्हणाला, दाढ दुखते. पुढच्या महिन्यात गालफुगीने आमच्या वर्गातले सात जण घरी बसले, पण तो पुढच्या महिन्याचा प्रश्न होता. आई म्हणायची, “एवढे कधी अभ्यासासाठी गेला असतात तर!” अठरा दिवस चौपन्नच्या चौपन्न. मी रोज दोनदा मोजायचो आणि चौकोनात ५४ लिहिताना मागे गर्दी उभी असायची.

भीती एकाचीच होती. बबनची. बबन आमच्या पटावर सदतिसावा. खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून बसने स्वारगेटला यायचा आणि तिथून शाळेपर्यंत पळत. त्याची बस वेळेवर येणं न येणं कुणाच्याच हातात नव्हतं. त्याचे वडील, आण्णा, भाजी पिकवायचे आणि पहाटे मंडईत आणायचे. मी एकदा त्यांच्या घरी हुरडा खायला गेलो होतो, तेव्हापासून ते मला नावाने ओळखायचे. बबन उंच, हसरा, गणितात कच्चा. परीक्षेत तो माझ्या मागे बसायचा, आणि त्याने माझ्या वहीत डोकावलं नाही अशी परीक्षा मला आठवत नाही. पण त्या महिन्यात तो अठरा दिवस घंटेच्या आत आला. शेवटचे काही दिवस तर एक बस आधीची पकडायचा. “झेंड्यासाठी कोंबड्याच्या आधी उठतोय,” म्हणायचा.

एकोणिसाव्या दिवशी पाऊस होता. लिमये सर हजेरी घेताना पुस्तकातून मान वर काढत नसत. नंबर पुकारायचे आणि ‘हजर सर’ ऐकलं की टिंब काढायचे. “सदतीस,” सर म्हणाले. बाक रिकामा. तेवढ्यात खिडकीजवळून बबनच्या घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, “हजर सर.” तो मक्या होता. मकरंद. मक्याला शाळेतल्या कुणाचाही आवाज काढता यायचा, मुख्याध्यापकांचा आणि घंटेचासुद्धा. सरांनी टिंब काढलं. बस उशिरा असेल, दहा मिनिटांत येईल, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही.

पहिला तास संपला, बबन आला नाही. मी मोजलं. स्वतःला धरून त्रेपन्न. परत मोजलं, त्रेपन्न. खडू घेऊन बाहेर गेलो तर माझ्या मागे निम्मा वर्ग.

“लिही की,” मक्या म्हणाला.

“त्रेपन्न आहेत.”

“अरे, येतोय तो. बस पर्वतीपाशी असेल. पोचेपर्यंत खरं होईल तुझं.”

“घंटा झाली.”

“एकोणीस दिवस, मोज्या! खुर्ची उचलून आमचे खांदे गेले. एका आकड्यासाठी सगळं घालवणार का तू? आणि बबनला काय सांगशील? तुझ्यामुळे गेला म्हणून?”

हे शेवटचं मला पटलं. खरं तर मलाही झेंडा हवा होता. युक्ती माझी होती. मी स्वतःला सांगितलं की हा अंदाज आहे, बबन येईलच, म्हणजे थोड्या वेळाने आकडा बरोबरच ठरेल. आणि लिहिलं: पट ५४, हजर ५४. मागे एवढा ओरडा झाला की नववी अ चे सर बाहेर आले.

तिसऱ्या तासाला, लिमये सर भूमितीचा सिद्धांत फळ्यावर उतरवत असताना, मला दाराबाहेर आण्णा दिसले. मी दाराजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायचो. डोक्यावरची टोपी भिजून चिकटलेली, हातात रिकामं पोतं, आणि श्वास इतका लागलेला की सखारामभाऊंशी, म्हणजे आमच्या शिपायाशी, त्यांना धड बोलता येत नव्हतं. “बस झाडावर आपटली म्हनत्यात… कालव्याजवळ… बबन, नववी… आलाय का पोरगा?” सखारामभाऊंनी वर्गात वाकूनसुद्धा पाहिलं नाही. कशाला पाहतील? त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं. “हे बघा. चौपन्नच्या चौपन्न हजर. तो वर्गात आहे. जा निवांत.” आण्णांना वाचता येत नव्हतं, पण बोट कुठे आहे ते त्यांनी नीट पाहिलं. मग पोतं काखेत धरून त्यांनी त्या चौकोनाला हात जोडले. माझ्या आकड्याला.

मी उठलो. अर्धा उठलो म्हणा. बाकाची फळी वाजली. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सर मागे वळले, “काय रे? काय झालं? बस खाली.” आणि मी बसलो. तासाला सात मिनिटं राहिली होती. मी सात मिनिटं मोजली. घंटा झाल्यावर धावत फाटकापर्यंत गेलो, तेव्हा रस्त्यावर फक्त पाऊस होता.

मंडईत परत जाऊन आण्णांनी उरलेली भाजी विकली, म्हणजे निर्धास्तपणे विकली, आणि संध्याकाळी गावी पोचले. बस खरंच झाडावर आपटली होती. फार कुणाला लागलं नव्हतं, पण बबनचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याला ज्या दवाखान्यात नेलं तिथून गावी निरोप पोचायला दिवेलागण झाली. रात्री आठला आण्णा त्याच्यापाशी गेले. सकाळी साडेदहा ते रात्री आठ. साडेनऊ तास तो चौदा वर्षांचा मुलगा ओळखीचं एकही माणूस नसताना तिथे पडून होता, आणि त्याचे वडील अर्ध्या तासाच्या अंतरावर वांगी विकत होते, कारण मी ५४ लिहिलं होतं. ही वजाबाकी मी आयुष्यात इतक्या वेळा केली आहे की उत्तर पाठ आहे.

कागदोपत्री बबन त्या दिवशी हजर होता, आणि सोमवारी झेंडा लागला. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली. सखारामभाऊ झेंड्याची दोरी बांधून स्टुलावरून उतरले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “तुझ्या आकड्यावर मी माणसाला परत पाठवला.” त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. मी लिमये सरांकडे जाऊन म्हणालो की मला हजेरीमंत्री नको. सर म्हणाले, “का? तुझ्या कारकिर्दीत झेंडा मिळाला!” मी परत जागेवर जाऊन बसलो.

पुढच्या रविवारी मी वडिलांची सायकल काढली आणि कालव्याच्या रस्त्याने बबनच्या गावी गेलो. बबन खाटेवर, खांद्याला पट्टे. पहिलाच प्रश्न, “मिळाला का झेंडा?” मी होकारार्थी मान हलवली तर त्याला एवढं हसू आलं की हाड दुखून तो कळवळला. आण्णा अंगणात वांगी निवडत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि पाठ केलेलं वाक्य विसरलो.

“तो आकडा तूच लिहितोस व्हय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी दोन वांगी इकडची तिकडे केली. “बघून लिहीत जा, बाळा.”

एवढंच. पुढे सांगायचं होतं की मी तुम्हाला पाहिलं होतं, मला ठाऊक होतं बबन वर्गात नाही, आणि तरी मी खाली बसलो. ते मी सांगितलं नाही. बबनच्या आईने पिशवीभर वांगी सायकलला अडकवली. आमच्या आईने संध्याकाळी ती भरून केली, दाण्याचं कूट आणि गूळ घालून. अशा वेळी जेवण जात नाही असं लिहितात. मी तीन वांगी आणि पाच पोळ्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू?

दहावीनंतर सगळे पांगले. त्यानंतर मी बबनला भेटलो नाही, आणि यात अंतराचा दोष नाही. कामावर जातायेताना त्याच्या गावाचा फाटा मी रोज दोनदा ओलांडतो. गाव आता शहरात आलं आहे. फाट्याला सिग्नल आहे, तिथे माझी स्कूटर सरासरी पन्नास सेकंद थांबते. सत्तावीस वर्षांत डावीकडे वळावंसं वाटलं नाही असा दिवस नाही, आणि वळलो असाही दिवस नाही.

मग मागच्या वर्षी मक्याने मोबाईलवर वर्गाचा गट काढला. मक्या बँकेतून लवकर निवृत्त झाला आणि आता त्याला वेळ खायला उठतो. शाळेच्या त्याच वर्गात एका रविवारी जमायचं ठरलं, आणि यादीचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मला पट अजून तोंडपाठ आहे. चौपन्नपैकी मला धरून सेहेचाळीस जण सापडले, पाच वारले, तिघांचा पत्ता लागला नाही. मला सोडून उरलेल्या पंचेचाळीसपैकी चव्वेचाळीस जणांना मी चार दिवसांत फोन केले. पंचेचाळिसावा फोन करायला मला अकरा दिवस लागले.

“कोन?” पलीकडून घोगरा आवाज.

मी नाव सांगितलं.

“मोज्या! लेका, बेचाळीस वर्षं मोजत बसला होतास काय?”

बेचाळीस बरोबर होतं.

त्या रविवारी दहाला जमायचं होतं. एकतीस जण येणार होते. पावणेअकरापर्यंत तीस आले. केस गेलेले, पोटं आलेली, एकमेकांना “अहो, आपण कोण?” विचारून, नाव कळताच पाठीत धपाटा घालणारी तीस माणसं चौदा वर्षांच्या मुलांच्या बाकांत कशीबशी अडकून बसली होती. भोपळा आता खरोखरच भोपळा झाला होता. दाराबाहेर तो चौकोन तसाच होता. मक्याने माझ्या हातात खडू दिला. “मंत्रिमहोदय, लिहा. पट चौपन्न, हजर एकतीस. वडे गार होतायत.”

“तीस आहेत.”

“बबनचा फोन आला होता, स्वारगेटला अडकलाय. म्हणजे आलाच.”

“आल्यावर लिहीन.”

“बेचाळीस वर्षांत काडीची सुधारणा नाही!”

“एकदा तुझं ऐकलं होतं,” मी म्हणालो. मक्या आत जाऊन म्हणाला, “वडे झाका रे. बबन आल्याशिवाय कुणी खायचं नाही.”

बबन अकरा वाजून सात मिनिटांनी आला. अजूनही उंच, मिशा पांढऱ्या, हातात पिशवी. “ही घे,” म्हणाला, “वांगी. आईनं आठवणीनं पाठवलीत. घरची न्हाईत, मंडईतली हाईत. घरच्या वांग्यांवर आता सात मजले उभे हायेत.” आतून आरोळ्या येत होत्या, पण मी त्याला तिथेच थांबवलं. एकदा आत गेला की मी बोलणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं. आण्णा इथे उभे होते, सखारामभाऊंचं बोट इथे होतं, मी त्या बाकावर होतो. मला ठाऊक होतं. मी उठलो, आणि बसलो.

बबनने त्या बाकाकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

“त्यासाठी उठला होतास व्हय! आरं, आण्णा मरेपर्यंत सांगायचे. माझ्या पोरांना सांगायचे, सुनांना सांगायचे. ‘शाळेतली पोरं असावीत तर तशी. बबनचा तो मित्र, शहरातला, भर तासाला मला बघून उठून उभा राहिला. मास्तर वरडला तरी उभा राहिला.’ आख्ख्या गावात तुझं नाव हाय.”

“पण मी मान द्यायला नव्हतो उठलो, बबन.”

“कळलं की. आता कळलं.” त्याने डोळे पुसले. “त्यांना कुठं सांगायला जातोस आता? ऱ्हाऊ दे त्यांचं त्यांच्यापाशी. आन माझं म्हनशील, तर पूर्ण नववीत घंटेच्या आत लागलेली माझी सगळ्यात नामी हजेरी तीच. शाळेत बी न्हवतो, बाकावर बी न्हवतो, आन तरी येळेवर.”

“साडेनऊ तास पडून होतास तू.”

“व्हय. लई लांबला तो दिवस,” बबन म्हणाला. या वेळी हसला नाही. मग त्याने माझ्या हातातल्या खडूकडे बोट केलं. “लिही आता. आत उपाशी हाईत सगळी.”

तो आत गेला. धपाट्यांचा आवाज झाला. मी दारात उभं राहून मोजलं. एका दमात जमलं नाही, कारण सगळे हलत होते आणि माझा चष्मा ओला झाला होता. दुसऱ्यांदा मोजलं. मग वळून लिहिलं: पट ५४, हजर ३१.

बबन सदतिसाव्याच्या जुन्या बाकावरून ओरडला, “मला धरलंस का त्यात?”

“बघून लिहिलंय,” मी म्हणालो, आणि आत जाऊन बसलो.